कोकणातल्या वाडीत छोटं लग्न करताय? या चुका टाळा

साठ-सत्तर माणसांचं लग्न, नारळी-पोफळीच्या वाडीत, झापांचा (माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा) मांडव आणि केळीच्या पानावर पंगत. दापोली, गुहागर, वेंगुर्ल्याकडे अशी लग्नं आता बरीच होतात. त्यातली बहुतेक फसगत एकाच कारणाने होते. फोटो पाहून आधी सजावट ठरते, आणि त्या जागेचं हवामान, माती, माणसं यांची चौकशी मागाहून. गावठी सजावट शहरातून टेम्पो भरून आणली तर ती महागही पडते आणि उपरीही दिसते.

तारीख फक्त पंचांगावर ठरवणं

मुहूर्त मिळाला म्हणजे गावात माणसं मिळतीलच असं नाही. फाल्गुनात शिमगा असतो. पालखी घरोघर फिरते, चाकरमानी गावी येतात, गाड्या भरतात, आणि मांडव घालणारा गडी हजारात मागितला तरी मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये सगळे हात आंबा काढणीत आणि पेट्या भरण्यात गुंतलेले असतात. शिवाय विहिरी खाली गेलेल्या असतात आणि वळिवाची भीती असते. नाताळ ते एक जानेवारी या दिवसांत खोल्यांचे दर ऐकूनच माणूस परत फिरतो. तुळशीच्या लग्नानंतर लगेचचा मुहूर्त मोहक वाटतो, पण पाऊस लांबला असेल तर तेव्हा खळं, म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण, तयार नसतं. मार्गशीर्ष आणि माघ हे त्यातले सोयीचे महिने. दिवस कोरडे, फुलं भरपूर, गडी मोकळे.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे पाहुण्यांना तारीख निदान तीन महिने आधी कळवा. दापोलीला जायला खेड स्टेशन, गुहागरला चिपळूण. नकाशावर दाभोळ आणि धोपावे शेजारी दिसतात, पण मध्ये खाडी आहे. वऱ्हाड एका काठावर आणि लग्न दुसऱ्या काठावर ठेवलं, तर रात्रीच्या शेवटच्या फेरीबोटीच्या वेळेवर सगळा कार्यक्रम आवरावा लागतो.

माडाखाली बोहलं

फोटोला उत्तम, डोक्याला धोक्याचं. लग्नाआधी आठवड्याभरात माड चढणाऱ्याकडून नारळ आणि सुकलेल्या झावळ्या पाडून घ्या. त्यानंतरही बोहलं आणि पंगत बुंध्यापासून दूरच असू द्या. पोफळीची सुकलेली विरी (पानाचा रुंद देठ) वाऱ्याविना, कधीही खाली येते.

दुसरी चूक वाडीच्या मालकाला जिव्हारी लागते, ती म्हणजे दिव्यांच्या माळांसाठी माडाला खिळे ठोकणं. माड-पोफळीच्या खोडाची जखम आंब्या-फणसासारखी भरून येत नाही, आणि सोंड्या भुंगा नेमका अशा जखमेत अंडी घालतो. माड आतून पोखरला गेल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो. सुंभाने बांधा. खर्च कमी आणि दिसतंही बरं.

खळं आणि सारवण शेवटच्या दिवशी

कोकणात पावसाळ्यात अंगण उखडतं आणि दसरा-दिवाळीनंतर ते नव्याने करतात. माती ओढायची, पाणी मारायचं, चोपायचं, मग सारवायचं. तुमची जागा वर्षभर बंद असलेलं घर असेल तर हे काम कोणी केलेलंच नसतं. ते महिनाभर आधी सांगून ठेवा. सारवणाचे दोन हात लागतात. शेवटचा हात आदल्या दिवशी सकाळी उरका, कारण दुपारी सारवलं तर ते संध्याकाळच्या दमट हवेत ओलंच राहतं आणि पैठणीचे काठ हिरवे होतात. त्यावर बारीक पायांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या की भोकं पडतात. बाकडी आणि सतरंज्या घाला, किंवा खुर्च्यांखाली फळ्या टाका.

रांगोळी मात्र रात्री काढू नका. थंडीत दहिवर इतकं पडतं की सकाळी तिचा चिखल झालेला दिसतो. टेबलावरची कापडं, कागदी पताका, उघडे ठेवलेले वायरचे जोड, सगळंच भिजतं. हे सगळं उजाडल्यावर मांडा.

मांडव

जागेच्या पाहणीला जाताना सोबत पहार न्या. वाडीतल्या मातीत बांबू दीड-दोन फूट सहज गाडला जातो, पण जांभ्याच्या कातळावर चार बोटंही खड्डा होत नाही. मांडववाला हे आयत्या वेळी पाहतो आणि मग दगड रचून डांब उभे करतो. ते वाऱ्याला टिकत नाहीत. कातळ असेल तर तेलाच्या रिकाम्या डब्यात काँक्रीट ओतून त्यात डांब बसवा, वर चारही बाजूंनी ताण द्या, आणि डबा गोणपाटाने झाका.

छताला सलग कापड ताणू नका. दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो आणि कापड शिडासारखं फुगून डांब उचलतं. झाप किंवा फटी ठेवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चालतात, त्यांच्यातून वारा निघून जातो. झापांसाठी झावळ्या चिरून, पाण्यात भिजवून मग विणतात. ओल्या हिरव्या झावळ्यांचे तसेच विणलेले झाप तीन-चार दिवसांत आकसतात आणि मध्ये फटी पडतात. म्हणून ते आधी विणून, सुकवून, एकावर एक चढवून बांधायचे. एवढं करूनही हे छत सावलीपुरतंच. वळिवाच्या दिवसांत वेगळी ताडपत्री हाताशी हवीच.

सुकलेले झाप म्हणजे सरपण. होमाच्या वर झाप नकोतच, तेवढा चौक उघडा ठेवा. तूप पडल्यावर ज्वाळा किती वर जाते ते आठवा. हॅलोजन दिवे झापांपासून लांब हवेत, आणि पाण्याचं एक पिंप व वाळूच्या दोन बादल्या मांडवाच्या कडेला ठेवा.

मापाचा अंदाज असा: खुर्च्यांसाठी माणशी ८ चौरस फूट, म्हणजे ७० माणसांना ५६०. बोहल्यासाठी १० बाय १२ फूट वेगळे. पंगतीत माणशी २ फूट रुंदी धरा आणि वाढप्यांना ४ फुटांची वाट सोडा.

फुलं आणि पानं

झेंडू दादर किंवा पुण्याच्या मार्केट यार्डातून आणायचा असेल तर त्यावर पाणी मारून प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. पाच-सहा तासांच्या प्रवासात तो आतून तापतो आणि काळा पडतो. कोरडाच, करंडीत, वर ओलसर फडकं टाकून आणा. मध्यम आकाराच्या एक किलो फुलांची दाट माळ १२ ते १५ फूट होते. त्यावर खराब फुलांसाठी पाचवा हिस्सा जास्त धरा. वेंगुर्ल्याच्या बाजूला लग्न असेल तर गजऱ्यासाठी अबोली, आणि हंगाम असेल तर सुरंगी गावातच मागा. सुरंगीच्या वासापुढे शहरातून आणलेली गुलाबं फिकी.

आंब्याचे टाळ (पानांसकट डहाळ्या) तोडले की थेट मांडवात न्यायचे नाहीत. पानं जोडून केलेली ओंबील मुंग्यांची घरटी त्यात असतात. मंगलाष्टकं चालू असताना नवरदेव मान का खाजवतोय ते मग कळतं. टाळ जोरात झटका, पाण्यात बुडवा, तासभर उन्हात पसरा. केळीचे खांब आदल्या संध्याकाळी तोडा आणि चीक पूर्ण निथळू द्या. त्याचा डाग रेशमावरून जात नाही. तोडलेल्या टोकाला ओलं गोणपाट गुंडाळून मग ते उभे करा.

नव्या पणत्या तेल पितात. काही तास पाण्यात भिजवून, सुकवून वापरा. वाऱ्याच्या जागी त्या करवंटीत ठेवल्या तर टिकतात.

"वीज आहे ना" एवढंच विचारणं

वीज असते, पण सिंगल फेज. त्यावर गीझर, पाण्याचा पंप, मिक्सर आणि ध्वनिक्षेपक एकदम लागले की मंगळसूत्राच्या वेळी अंधार. सगळ्या उपकरणांचे वॅट कागदावर लिहून बेरीज करा. ५ वॅटचे ५० एलईडी बल्ब मिळून २५० वॅट घेतात, ५०० वॅटचा एकच हॅलोजन त्याच्या दुप्पट. मोटार आणि गीझर घराच्या विजेवर, मांडव जनरेटरवर, अशी विभागणी सर्वांत सुटसुटीत.

दिवे मंद लागतात त्याला कारण बहुधा वायर. घरापासून मांडव ६० मीटर असेल आणि १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमधून १० अँपिअर घेतले, तर २० व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जातात. ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर साडेपाचच्या आसपास. उघड्या जागी ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावा लागतो. बाकीच्या वेळेसाठी पोलिसांची परवानगी आधी घ्या आणि संगीताचा कार्यक्रम संध्याकाळी लवकर सुरू करा.

किनाऱ्यावरचा मोह

वाळूवर मांडव घालण्याला किनारा नियमांची आडकाठी असते आणि भरतीचीही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. महिनाभर आधी पाहिलेली कोरडी वाळू लग्नाच्या संध्याकाळी पाण्याखाली असू शकते. किनाऱ्यावर फोटो काढा, लग्न वाडीत लावा.

पंगत, पाणी, वाडीतली माणसं

मुक्कामाच्या ७० माणसांना स्वयंपाकासह दिवसाला आठ हजार लिटर पाणी धरा, आणि १२-१५ जणांमागे एक संडास. तांदूळ माणशी १०० ते १२५ ग्रॅम. केळीची पानं ७० माणसांना शंभर मागवा, काही फाटतातच. ती सावलीत ओल्या फडक्यात ठेवा. सोलकढी एकदम सगळी करू नका, उन्हात नारळाचं दूध काही तासांतच उतरतं. अर्धी दुसऱ्या पंगतीच्या वेळी करा.

आणि छोटं लग्न म्हणून वाडीतल्या शेजाऱ्यांना वगळण्याची चूक नकोच. ज्यांच्या विहिरीचं पाणी, ज्यांची बाकडी, ज्यांची वाट वापरायची, त्यांना आमंत्रण नाही हे चालत नाही. तीस-चाळीस पानं जास्त धरा. मांडवाची पहिली मेढ रोवण्याआधी ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची रीत असते. ते कोण घालतं ते घरमालकाला विचारा.

राहिला कागद. विवाहनोंदणी गावी करायची असेल तर ग्रामपंचायतीतून अर्ज आधीच आणून ठेवा आणि गुरुजींची व साक्षीदारांची सही अक्षता पडल्या त्याच दिवशी घ्या. गुरुजी शहरातून आलेले असतील तर नंतर त्या एका सहीसाठी त्यांचा माग काढत बसावं लागतं.