जॅझ पियानोच्या ऑडिशनला काय वाजवायचं?

सगळ्यात आधी, ज्या संगीत कॉलेजात प्रवेश हवा त्याच्या वेबसाइटवर यंदाच्या अटी वाचा. गेल्या वर्षी मित्राने काय वाजवलं त्यावर जाऊ नका. अमेरिकेत जॅझसाठी साधारणपणे एक ब्लूज (ठरावीक साच्याची रचना), एक स्विंग (झुलत्या लयीची) आणि एक बॅलड (संथ गाणं) मागतात. कुठे त्यात बीबॉप (जॅझची वेगवान, गुंतागुंतीची शैली) किंवा लॅटिनची भर असते, कुठे आधी व्हिडिओ पाठवावा लागतो. बास आणि ड्रमची साथ मिळणार की एकट्यानेच वाजवायचं, तेही तेव्हाच बघून घ्या. डाव्या हाताची सगळी बांधणी त्यावर ठरते. बास असेल तर खालचे सूर तोच सांभाळतो, म्हणून डावा हात तिथून लांब ठेवा.

ब्लूज सोपा निवडला तरी बिघडत नाही. चार्ली पार्करच्या ‘नाऊज द टाइम’ आणि ‘बिलीज बाउन्स’ या दोन्ही रचना 1945 च्या, दोन्ही एफ या पट्टीत आणि बारा बारच्या (बार म्हणजे मात्रांचा एक गट). दुसरीच्या सुरावटीत बोटं अडखळत असतील तर खुशाल पहिली घ्या.

स्विंगसाठी माझं मत जेरोम कर्नच्या ‘ऑल द थिंग्ज यू आर’ला (1939). ए फ्लॅट पट्टीतून निघून ती सी, ई फ्लॅट, जी, ई अशी फिरून घरी येते, त्यामुळे कॉर्ड्स (एकत्र वाजणारे स्वर) कळतात की नुसत्या पाठ आहेत ते लगेच उघडं पडतं. मधल्या भागाच्या शेवटी जी शार्प नीट ऐका. ई मेजरवर तो तिसरा स्वर असतो; खालच्या कॉर्ड्स बदलत जातात आणि तोच स्वर ए फ्लॅट म्हणून एफ मायनरचा तिसरा होतो. हा सांधा सोलोमध्येही (स्वतःच्या उत्स्फूर्त वादनातही) ऐकू आला पाहिजे. शेवटचा भाग आठ नव्हे, बारा बारचा आहे. हिशेब चुकतो तो नेमका तिथे. जॉन कोलट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’चा, म्हणजे भराभर पट्ट्या बदलणाऱ्या रचनेचा, मोह मात्र आवरा. 1959 च्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये टॉमी फ्लॅनगनसारखा पट्टीचा पियानिस्टसुद्धा सोलोत चाचपडताना ऐकू येतो.

बॅलड म्हणून एरॉल गार्नरची ‘मिस्टी’ किंवा जॉनी ग्रीनची ‘बॉडी अँड सोल’ चालेल. दुसरी डी फ्लॅटमध्ये, आणि मधला भाग अर्धा स्वर वर, डी मेजरमध्ये सुरू होतो. आधी शब्दांसकट गाऊन पाहा. श्वास जिथे तुटतो तिथे बोटंही थांबवा, जागा भरायला सरसर ताना नकोत.

सगळं कागदाशिवाय यायला हवं. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावून तालीम करा आणि रेकॉर्ड करून ऐका. परीक्षक मध्येच थांबवू शकतात, म्हणून चांगलं ते पहिल्याच सोलोत येऊ द्या. साथीदारांसाठी स्वच्छ लिहिलेल्या प्रती न्या, आणि पहिली ओळ मनात गुणगुणून मगच साथीदारांना लय देणारं वन-टू म्हणा. घाबरलं की लय हमखास चढते.