वड्याच्या काळ्या तेलाचं बायोडिझेल, एन्झाइम वापरून

वडे-भजी तळून काळं पडलेलं तेल घेऊन कॉस्टिक सोड्यानं बायोडिझेल करायला गेलात की बऱ्याचदा साबणाचा लगदा हातात येतो, कारण सारखं तापवलेल्या तेलात फ्री फॅटी ॲसिड (तेल फुटून सुटं झालेलं ॲसिड) वाढलेलं असतं आणि सोडा आधी त्यालाच जाऊन चिकटतो. तेल-चरबी फोडणाऱ्या लायपेज एन्झाइमचं तसं नाही, ते तेलाचंही बायोडिझेल करतं आणि त्या ॲसिडचंही. फक्त घाई चालत नाही, सोड्याचं काम तासा-दीड तासात होतं तर याला अख्खा दिवस द्यावा लागतो.

एक गोष्ट आधीच. हे कॉलेजच्या लॅबमध्येच, सरांना सांगून करा, घरच्या गॅसजवळ अजिबात नको. तेलाशी जोडून बायोडिझेल करायला जे मिथेनॉल (एक अल्कोहोल) लागतं ते विष आहे, पटकन पेटतं आणि उजेडात त्याची ज्योत धड दिसतही नाही. ग्लोव्हज, गॉगल, फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून नेणारं लॅबमधलं कपाट), हे सगळं हवंच.

तर १ लिटर तेल घ्या. थोडं गरम करून मलमलच्या कापडातून गाळा, खालचा चुरा येऊ देऊ नका. चिकनच्या दुकानातली चरबी असेल तर आधी वितळवून गाळायची, आणि पुढे ती थिजणार नाही इतकं गरम ठेवायचं. सोड्याच्या पद्धतीत पाण्याचा थेंबही नको असतो, इथे लिक्विड एन्झाइमला उलट थोडं पाणी लागतंच, कारण लायपेज तेल आणि पाणी भेटतात त्या सीमेवर काम करतं. म्हणून साधारण २० मिली पाणी आणि तेलाच्या वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास एन्झाइम (बाटलीसोबत आलेला कागद वाचा, डोस तोच खरा). तापमान ४० अंशांच्या आसपास, आणि ढवळणं जोरात, तेल दुधाळ दिसलं पाहिजे.

आता मिथेनॉल. १ लिटरला २०० मिली पुरतं, पण एकदम ओतायचं नाही!! मी पहिल्यांदा सगळं एका दमात ओतलं, दुसऱ्या दिवशी बघतो तर तेल जसंच्या तसं. जास्तीचं मिथेनॉल तेलात विरघळत नाही, त्याचे थेंब एन्झाइमला गाठतात आणि ते निकामी होतं. म्हणून दर तासाला २५ मिली, असे ८ हप्ते. मग झाकण लावून रात्रभर ढवळत ठेवा.

सकाळी ढवळणं बंद केलं की हळूहळू थर वेगळे होतात, खाली ग्लिसरीन, पाणी, उरलेलं मिथेनॉल, वर बायोडिझेल. खालचा थर लगेच फेकू नका, बरंचसं एन्झाइम त्यातच असतं, पुढच्या बॅचला वापरून बघता येतं.

झालंय का बघायला ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये टाकून हलवा, थोडा वेळ ठेवा. सगळं स्वच्छ विरघळलं तर ठीक, तळाशी तेलाचे थेंब बसले तर अजून कच्चं आहे. पण या टेस्टमध्ये फॅटी ॲसिड पकडलं जात नाही, तेही विरघळून जातं, आणि एन्झाइमच्या पद्धतीत शेवटी २-३ टक्के ॲसिड उरतंच. त्यासाठी ॲसिड व्हॅल्यूचं टायट्रेशन करा (म्हणजे किती ॲसिड उरलंय ते मोजा), हवं तर हलक्या कॉस्टिकच्या पाण्यानं धुवा (इथे मात्र हळूच हलवा, नाहीतर पुन्हा साबण). ते होईपर्यंत गाडीच्या टाकीत घालायचा विचारही नको.