थिबा राजवाडा मुलांना दाखवायचा असेल तर

रत्नागिरीत मी इतिहास शिकवायचे, आणि दर हिवाळ्यात सातवीचा वर्ग घेऊन थिबा राजवाड्यात जायचे. पहिल्या काही सहली मी फुकट घालवल्या. मुलं रांगेनं आत जायची, दालनांतून फिरून बाहेर यायची आणि डबे उघडायची. काय पाहिलंत विचारलं की उत्तर एकच, "राजाचं घर." हळूहळू जी पद्धत बसली ती इथे लिहिते. शिक्षकांना उपयोगी पडेल, आणि सुट्टीत नातवंडांना घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांनाही.

सुरुवात आदल्या दिवशी वर्गातच करा. फळ्यावर चार साल लिहा: १८८५, १८८६, १९१०, १९१६. १८८५ मध्ये इंग्रजांनी राजधानी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केलं. १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणलं. १९१० मध्ये तो या राजवाड्यात राहायला आला आणि १९१६ मध्ये वारला. आता वजाबाक्या मुलांनाच करू द्या. कैदेची तीस वर्षं, आणि त्यातली राजवाड्यातली फक्त सहा. बाकीची चोवीस त्यानं सरकारनं दिलेल्या दुसऱ्या बंगल्यांत काढली. एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, म्हणजे हा राजवाडा नाहीच, तुरुंग आहे." तो मुलगा एरवी कधी बोलत नसे. हे मी सांगून टाकलं असतं तर त्याला ते सापडलं नसतं, म्हणून सांगते, वजाबाकी तुम्ही करू नका.

रत्नागिरीच का, हेही मुलं विचारतात. नकाशा उघडा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला घाट, आणि रेल्वे तर अगदी अलीकडे, १९९० च्या दशकात आली. माणूस इथे आणून ठेवला की तो जगापासून तुटलाच. सावरकरांना १९२४ ते १९३७ इथेच स्थानबद्ध ठेवलं होतं.

राजवाड्याची वेळ, सुट्टीचा वार आणि दुरुस्तीसाठी काही भाग बंद आहे का, हे आधी विचारून घ्या. पोचल्यावर थेट आत शिरू नका. बाहेरून पूर्ण फेरी मारा, त्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या पाहा. मग भाट्याच्या खाडीकडे तोंड करून मुलांना दहा मिनिटं गप्प बसवा. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी इथे आलेला माणूस सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत हेच पाणी बघत होता. यापुढे काही बोलायची गरज पडत नाही.

आत पाच-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटानं एकच वस्तू निवडायची. तिचं चित्र काढायचं, पेन्सिलनं, मोबाइलवर फोटो नाही. चित्र काढताना मुलाला मूर्तीचं तुटलेलं बोट दिसतं, फोटो काढताना दिसत नाही. बाकीची दालनं राहिली तरी चालतील.

तिथून शिवाजीनगरात राजाच्या समाधीकडे जा. राजा १९१६ मध्ये गेला, पण दफन १९१९ मध्ये झालं, हे तिथे उभं राहून सांगा. २०१२ मध्ये ब्रह्मदेशचे राष्ट्राध्यक्ष या समाधीपाशी येऊन गेले. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू मात्र रत्नागिरीतच वाढली आणि इथलीच होऊन गेली.

दुपारचं जेवण झालं की टिळक आळीत, लोकमान्यांच्या जन्मस्थानी. हा टप्पा कधीही गाळू नका. टिळक १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मले आणि १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैद, आणि त्याच वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद. ही दोन घरं एकाच दिवशी पाहिलेली मुलं हे विसरत नाहीत. मीही दर वर्षी सांगताना थांबायचे, कारण माझा गळा दाटायचा.

सहलीनंतरच्या शनिवारी शाळेत "आमच्या घरातली वस्तू" हे प्रदर्शन भरवा. सोनं-चांदी, मौल्यवान काही आणायचं नाही. प्रत्येक वस्तूपाशी मुलाच्या हस्ताक्षरात चिठ्ठी हवी: घरी हिला काय म्हणतात, कोण वापरायचं, शेवटची कधी वापरली, आणि हे सगळं कोणी सांगितलं. घरचाच शब्द लिहायचा. व्हायन म्हणत असतील तर व्हायनच, पुस्तकातलं उखळ नको. शेवटची कधी वापरली, हा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण तो घरी कोणालातरी विचारावाच लागतो. आमच्याकडे इरलं आलं, कमरेला कोयता अडकवायची आकडी आली, भात भरडायचं घिरट तर दोघांनी उचलून आणलं.

वस्तू घेताना वहीत नोंद आणि पालकाची सही, परत देताना पुन्हा सही. एका वर्षी दोन पितळी शेरांची, म्हणजे धान्य मोजायच्या मापांची, अदलाबदल झाली. माझ्याच हातून. ज्यांचा शेर होता त्या आजींनी तळाच्या पोच्यावरून तो लगेच ओळखला. तेव्हापासून प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं क्रमांक बांधायचा नियम केला.

आणि घरच्या मोठ्यांना आवर्जून बोलवा, मिनिटं मोजू नका. मिरकरवाडा बंदराकडच्या एका मुलानं पाग, म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, आणला होता. टेबलावर ते जाळं म्हणजे नुसता गोळा दिसत होता, कोणी थांबेना. दुपारी त्याचे आजोबा आले, जाळं उचललं, कड दातांत धरली आणि शाळेच्या मैदानावर फेकलं. कडेच्या शिशाच्या गोळ्यांचा आवाज झाला आणि धुळीत गोल वर्तुळ पडलं. मग चाळीस मुलांनी रांग लावली, आणि आजोबा संध्याकाळपर्यंत एकेकाला मनगट कसं वळवायचं ते दाखवत राहिले.