रूमवरच्या रेसिप्यांचा ब्लॉग सोलापुरातल्या पोरापोरींपर्यंत कसा पोचवायचा

अक्कलकोट, सांगोला, करमाळा, मंगळवेढा इकडनं सोलापुरात शिकायला आलेली किती तरी पोरं-पोरी रूम करून राहतात आणि एक इंडक्शन, एक कुकर आणि घरनं आलेला चटणीचा डबा यावर अख्खं सेमिस्टर काढतात, त्यांच्यासाठी कुणी मराठीत रेसिप्या लिहायला लागलं की मला मनापासून बरं वाटतं. पण होतं काय, लिहिणारा रात्र रात्र जागून लिहितो, फोटो पण मस्त असतात, आणि वाचायला घरची चार माणसं. ज्यांना गरज आहे त्यांना पत्ताच नसतो. म्हणून सोशल मीडियावर हे कसं फिरवायचं ते जरा सविस्तर लिहिते.

आधी कुणासाठी लिहिताय ते ठरवा आणि इन्स्टाच्या बायोत साध्या मराठीत टाका. 'फूड लव्हर' वगैरे वाचून कुणाला काही कळत नाही. 'सोलापुरात रूमवर राहणाऱ्यांसाठी, एका इंडक्शनवर होणारं जेवण' असं लिहा, बघणाऱ्याला लगेच कळतं की हे आपलंच आहे. पनीर बटर मसाला शिकवणारे ढिगानं आहेत, पण गॅस नाही, फ्रीज नाही, पोळपाट-लाटणं नाही अशा रूमवर रात्री नऊला काय करायचं हे सांगणारे फार कमी, आणि तुमची जागा नेमकी तिथंच आहे.

आता भाकरीचंच घ्या. इंडक्शनवर भाकरी फुगवायला जाळ नसतो, तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवता येते पण नवख्याला ते पहिल्या दिवशी जमत नाही. मात्र आपल्याकडं कडक भाकरी बाजारात तयार मिळते, बरेच दिवस टिकते, फ्रीजची गरज नाही. ती चुरायची, वरनं गरमागरम शेंगदाण्याची आमटी ओतायची, पाच मिनिटं झाकून ठेवायची, सोबत कांदा आणि शेंगा चटणी, झालं जेवण. 'यात कसली रेसिपी' म्हणून लोक असलं लिहीत नाहीत, पण बाहेरच्या जिल्ह्यातनं आलेल्या पोराला कडक भाकरी नुसती चावून खायची का भिजवून हेच माहीत नसतं, त्याला ही पोस्ट सोन्यासारखी वाटते आणि तो ती रूममेटला पाठवतो. एकानं दुसऱ्याला पाठवणं, ह्याच्यापेक्षा मोठं प्रमोशन नाही.

रील करताना 'नमस्कार मित्रांनो, आज आपण बघणार आहोत' इथनं सुरवात करू नका, तेवढ्यात माणूस पुढं सरकतो. समजा शेंगा चटणीचं रील आहे. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून सालं काढलेली, त्यात लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ. रूमवर उखळ कुठलं, त्यामुळं मिक्सर, पण तो सलग फिरवायचा नाही, बटणाला उलट्या बाजूनं झटके देत थांबत थांबत फिरवायचा, म्हणजे दाण्याला तेल सुटतं आणि चटणी गोळा धरायला लागते. आता ती चटणी मुठीत दाबली की बोटांच्या फटीत तेल चमकतं आणि मूठ उघडली तर गोळ्यावर बोटांचे ठसे तसेच राहतात. तो शॉट पहिला टाका, भाजणं-बिजणं नंतर दाखवा. दिवसा खिडकीजवळ शूट करा, ट्यूबलाईट बंद, मोबाईल उभा, लेन्स आधी पुसून घ्या कारण स्वयंपाक करताना तिच्यावर तेलकट हात लागलेलेच असतात. ज्यानं ही चटणी खाल्लीय त्याचा अंगठा तिथं थांबणारच.

स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दोन गोष्टी लिहा, भांडी कोणती लागली आणि अंदाजे खर्च किती आला. बरेचजण एसटीत किंवा लेक्चर सुरू असताना आवाज बंद करून बघतात, त्यांना तुमचं बोलणं ऐकूच येत नाही. आणि मिक्सरचा, फोडणीचा मूळ आवाज ठेवा, त्याच्यावर ट्रेंडिंग गाणं चढवायलाच पाहिजे असं काही नाही. तुमच्या ओळखीत सोलापूरच्या पूर्व भागातलं कुणी तेलुगू बोलणारं असेल तर त्यांना दोन वाक्यं तेलुगूत बोलायला लावा, अक्कलकोटकडचं कुणी असेल तर कन्नडमध्ये, आपल्या गावात तीन भाषा घराघरात चालतात मग रीलमध्ये एकच का?

वेळेचं सांगायचं तर रविवार हा तुमचा वार. कितीतरी मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात आणि पोरं चारपासनंच 'आज काय बे खायचं' सुरू करतात. त्यामुळं रविवारची पोस्ट दुपारीच पडली पाहिजे, रात्री नऊला टाकून उपयोग नाही, तोवर वडापाव खाऊन झालेला असतो. बाकी दिवशी पण जेवणाचा निर्णय व्हायच्या आधी, साधारण पाच-सहाला टाका. वर्षाचं कॅलेंडर पण जवळ ठेवा. आषाढी एकादशीच्या आधी इंडक्शनवरचे उपासाचे पदार्थ, डिसेंबर-जानेवारीत हुरडा, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, वेळा अमावस्येला, म्हणजे शेतातल्या सणाला, घरी जायला न मिळालेल्या पोरांसाठी कुकरमधली भज्जी (सगळ्या भाज्यांची मिसळ भाजी), आणि एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात ताक, आंबील, असलं सगळं. पोस्ट त्या दिवसाच्या तीन-चार दिवस आधी जायला पाहिजे कारण सामान आणायला वेळ लागतो.

आता लिंकचं, इथं सगळ्यात जास्त माणसं गळतात. इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही, ती बायोत द्यावी लागते किंवा स्टोरीत लिंकचा स्टिकर लावावा लागतो. यूट्यूब शॉर्ट्सचं पण तसंच, 31 ऑगस्ट 2023 पासून शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधल्या आणि कमेंटमधल्या लिंक दाबल्या जात नाहीत, म्हणून चॅनेलच्या प्रोफाईलवर लिंक द्या आणि शॉर्टला तुमचाच मोठा व्हिडिओ जोडा. ब्लॉगवर रेसिपीचं शीर्षक देवनागरीतच ठेवा पण तिचा पत्ता, म्हणजे वर दिसणारी लिंक, इंग्रजी अक्षरात बनवा, कारण देवनागरी लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब शेपटी होते आणि लोकांना वाटतं हे काहीतरी फ्रॉड आहे. रेसिपीचा मुख्य फोटो हलका ठेवा, जड असला तर व्हॉट्सॲपवर लिंकसोबत फोटो येत नाही आणि फोटोशिवाय रेसिपीची लिंक कोण उघडणार.

व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये नुसती लिंक फेकू नका प्लीज. क्लासच्या ग्रुपवर टाकायच्या आधी ॲडमिनला विचारा, आणि मेसेजमध्ये रेसिपीच तीन-चार ओळीत लिहून टाका, प्रमाण आणि फोटोसाठी खाली लिंक. ज्याला घाईय त्याचं काम मेसेजवरच होतं, आणि असं झालं की पुढच्या वेळी तो लिंकही उघडतो. ग्रुप वाढवत बसण्यापेक्षा व्हॉट्सॲपचंच चॅनेल काढा, भारतात ही सोय सप्टेंबर 2023 पासनं आहे, त्यात फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, मुलींना हे फार सोयीचं पडतं.

मुलींनीच काय, सगळ्यांनीच एक काळजी घ्या, हॉस्टेलचं नाव, रूमचा नंबर, खिडकीतनं दिसणारा चौक असलं काही व्हिडिओत येऊ देऊ नका आणि बाहेर खायला गेलात तर तिथनं निघाल्यावर लोकेशन टाका. बऱ्याच हॉस्टेलला इंडक्शन चालत नाही, तिथं राहणाऱ्यांनी शूटिंग मैत्रिणीच्या घरी करा, उगाच रेक्टरपर्यंत रील जायला नको.

थोडं नाव झालं की हॉटेलवाले फुकट खायला बोलावतात. जा की, पण पोस्टवर जाहिरात किंवा पेड पार्टनरशिप असं स्पष्ट लिहा, फुकटचं जेवण पण त्यात धरतात, केंद्र सरकारनं जानेवारी 2023 मध्ये काढलेल्या सूचनांमध्ये तसं आहे. आणि तुम्ही स्वतः चटणी विकायला काढली तर आधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी करून घ्या.

आकड्यांमध्ये लाईककडं फार बघू नका. अकाउंट प्रोफेशनल केलं की इनसाईट्समध्ये किती जणांनी सेव्ह केलं आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं हे दिसतं. जी रेसिपी जास्त पाठवली गेली तिचा दुसरा भाग करा, म्हणजे शेंगा चटणी चालली तर पुढच्या आठवड्यात त्याच चटणीचं दही घालून कालवण. आणि कमेंटमध्ये कुणी 'तिखट किती घालायचं' विचारलं तर 'ब्लॉगवर बघा' म्हणून वाटेला लावू नका, तिथंच लिहा की वाटीभर शेंगदाण्याला दीड चमचा तिखट आणि पाच-सहा लसणाच्या पाकळ्या, सोलापूरचं तिखट सोसत नसेल तर एकच चमचा. मग तोच प्रश्न रेसिपीतही घाला, कारण एकानं विचारलं म्हणजे बाकीचे न विचारताच निघून गेलेले असतात.