अ‍ॅपमध्ये फाइल डाउनलोडसाठी लायब्ररी कशी निवडावी

लायब्ररी म्हणजे आपल्या कोडला जोडायचा दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड. 'सगळ्यात फास्ट लायब्ररी कुठली?' हा प्रश्न आधी सोडा. वेग टॉवर आणि सर्व्हरवर ठरतो. अर्ध्यात तुटलेली फाइल पुढे नीट सुरू होते का, एवढंच बघून निवडा. पुढचं सगळं अँड्रॉइडपुरतं आहे.

पॉज बटण नको असेल आणि फाइल अ‍ॅपच्या इंटर्नल स्टोरेजमध्ये लपवायची नसेल, तर अँड्रॉइडमध्येच असलेला डाउनलोडमॅनेजर घ्या. काम संपलं.

व्हॉली या नेटवर्क लायब्ररीवर मोठ्या फाइलसाठी फुली मारा. ती सर्व्हरचं सगळं उत्तर मेमरीत धरते.

उरलेल्यांनी ओकेएचटीटीपी ही नेटवर्क लायब्ररी घ्यावी. तिच्यावरच चालणारी रेट्रोफिट आधीच असेल तर डाउनलोडच्या फंक्शनवर 'स्ट्रीमिंग' अ‍ॅनोटेशन लावा आणि लॉगिंग इंटरसेप्टर (नेटवर्कच्या देवाणघेवाणीची नोंद ठेवणारा भाग) 'बॉडी' लेव्हलवरून खाली आणा, नाहीतर लॉगसाठी अख्खी फाइल मेमरीत येते.

आता रिझ्युम, म्हणजे तुटलेलं डाउनलोड तिथून पुढे सुरू करणं. इथे मी चांगलाच आपटलोय. साताऱ्यातल्या एका क्लासच्या अ‍ॅपमध्ये १८० एमबीचं लेक्चर होतं. जावळी-पाटणकडच्या मुलांचं डाउनलोड मधेच तुटायचं, पुन्हा सुरू व्हायचं, शंभर टक्के दाखवायचं आणि व्हिडिओ काही चालायचा नाही. एका मुलाचा फोन मागवून बघितला, तर फाइल २२० एमबीची! आधीचे ४० एमबी डिस्कवर होते, मी रेंज हेडर ('इथून पुढचंच पाठव' अशी सर्व्हरला सूचना) पाठवला होता, पण सर्व्हरने तो न जुमानता २०० कोड देऊन पहिल्यापासून अख्खी फाइल पाठवली. माझ्या कोडने ती जुन्या तुकड्याला शेपटासारखी जोडली. दोन दिवस मी लायब्ररीला शिव्या घालत बसलो होतो, चूक माझीच.

म्हणून २०६ ('फक्त तुकडा पाठवतोय' असा कोड) आला तरच जोडायचं, तेही उत्तरातल्या कंटेंट-रेंज हेडरमधला सुरुवातीचा आकडा आपल्या तुकड्याशी जुळत असेल तर. २०० आला की जुना तुकडा पुसून शून्यापासून लिहायचं. सर्व्हरवर फाइल बदललेली असू शकते, त्यामुळे पहिल्या वेळचा ईटॅग (सर्व्हरने फाइलच्या आवृत्तीला दिलेली खूण) जपून ठेवा आणि इफ-रेंज हेडरमध्ये पाठवा. मात्र 'डब्ल्यू/'ने सुरू होणारा ईटॅग तिथे चालत नाही. आणखी एक खोडी: रेंज हेडर नसेल तेव्हा ओकेएचटीटीपी गुपचूप जीझिप, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल मागते. सर्व्हरने तसं दिलं की लांबी उणे एक येते आणि प्रोग्रेस बार वेड्यासारखा वागतो. अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग 'आयडेंटिटी' (न दाबता आहे तशी) ठेवा.

कोणी म्हणेल, लायब्ररी हे सगळं आपोआप करते. करत असेलही. एमुलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर), ऑफिसच्या वायफायवर तपासून मात्र हे सांगू नये. मी साताऱ्याहून पुण्याला जाताना एसटीत बसल्या बसल्या डाउनलोड लावतो, खंबाटकीच्या बोगद्यात फोन मुद्दाम एअरप्लेन मोडवर टाकतो आणि बाहेर पडलो की काढतो. शिरवळ यायच्या आत फाइल पूर्ण झाली, आकार बाइटन् बाइट जुळला आणि व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत चालला, तरच ती लायब्ररी माझ्या प्रोजेक्टमध्ये राहते.