युरोपात एक सेमिस्टर : निघण्याआधी नाशिकमध्येच उरकायची कामं

सामानाची यादी सगळ्यात शेवटी करा. त्याआधी प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: हे तिथे गेल्यावर करता येईल का? स्वेटर तिथे मिळतो, पातेली, चादरी, वह्या सगळं मिळतं. विभागप्रमुखांची सही, महापालिकेचा जन्मदाखला, बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर या गोष्टी मात्र इथेच होतात. मी जर्मनीत एक सेमिस्टर शिकून आले. आता मावसभाऊ निघालाय, त्याच्यासाठी हे लिहायला घेतलं.

पासपोर्टपासून सुरुवात करू. त्याची पुस्तिका आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. आजोबा तिथे नोकरीला होते, आणि कुठलाही कागद हातात आला की आधी नावाची अक्षरं तपासायची ही त्यांची शिस्त होती. ती मला फार उपयोगी पडली. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर मात्र नाव एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या ओळीत. तिथल्या विद्यापीठाने गुणपत्रिका पाहून माझं आडनावच पहिलं नाव म्हणून नोंदवलं होतं. प्रवेशपत्रात ते दिसलं म्हणून व्हिसाच्या आधी दुरुस्त करून घेता आलं. प्रवेशपत्र, विमा, खोलीचा करार, तिकीट, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव हवं, अक्षर न् अक्षर.

आता क्रेडिट. सगळ्यात जास्त वेळ याला द्या, कारण इथे चुकलं तर एक वर्ष हातचं जाऊ शकतं. युरोपात एका सेमिस्टरला साधारण ३० ईसीटीएस (म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांच्या सामाईक पद्धतीचे) क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास मोजतात. आपलं गणित वेगळं, त्यामुळे तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी चालेल हे आधी ठरवावं लागतं. हे ज्या करारनाम्यात लिहितात त्याला लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात आणि त्यावर तुमची, इथल्या कॉलेजची आणि तिथल्या विद्यापीठाची अशा तिघांच्या सह्या लागतात. माझ्या एका विषयाबद्दल 'चालेल, करून या' असं तोंडी सांगितलं गेलं होतं. परत आले तेव्हा विभागात माणसं बदलली होती, आणि तो पेपर मला पुन्हा द्यावा लागला. म्हणून विषयाचा कोड, तास, अभ्यासक्रमाची प्रत आणि 'याऐवजी हा' असं स्पष्ट लिहिलेलं पत्र सही-शिक्क्यासह घ्या. फक्त विभागाकडून घेऊन थांबू नका, परीक्षा विभागाकडूनही घ्या. तिथे पोहोचल्यावर एखादा विषय बदलावा लागतोच, मग त्याच आठवड्यात मेल करून लेखी होकार मागवा.

तारखांचंही तसंच. जर्मनीतलं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. वर्ग फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि बऱ्याच परीक्षा त्यानंतर असतात. तोवर इकडे पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. त्या आठवड्यांच्या हजेरीचं काय, राहिलेला बॅकलॉग कधी द्यायचा, परीक्षेचा फॉर्म कोण भरणार, हे निघण्याआधी ठरवून घ्या.

व्हिसा. मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त असेल तर शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेला, पर्यटकांचा व्हिसा चालत नाही. ज्या देशात शिकायचं त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे डी प्रकारचा, काढावा लागतो. प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी अपॉइंटमेंट शोधायला बसा. मुंबईची वेळ मिळाली तर सकाळी लवकरची घेऊ नका. दुपारची घेतली तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने आरामात पोहोचता येतं. पैशांचा पुरावा प्रत्येक देशाचा वेगळा. जर्मनी सप्टेंबर २०२४पासून महिन्याला ९९२ युरो धरते. व्हिसा हातात आला की तिथेच उभं राहून तारखा वाचा: विमानाच्या दिवशी तो सुरू झालेला असतो का, आणि शेवटची परीक्षा त्यात बसते का.

खोलीसाठी विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच टाका. करार न पाहता कुणालाही डिपॉझिट पाठवू नका, कितीही घाई असली तरी. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्याला घरमालकाचं पत्र लागतं. ते मेलवर आधीच मागून ठेवा.

पैसे दोन कार्डांवर विभागून ठेवा, एक पाकिटात आणि एक बॅगेत. आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत पैसे बाहेर पाठवले तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर, लागत नाही.

आणि ओटीपी. ही छोटी वाटणारी गोष्ट मला सगळ्यात जास्त रडवून गेली. बँकेला बाबांचा नंबर जोडलेला होता. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. रात्री आठला भाडं भरायला बसले की इकडे साडेबारा वाजलेले, बाबा झोपलेले, आणि ओटीपी तीन मिनिटांत संपायचा. निघण्याच्या महिनाभर आधी बँक, आधार, विद्यापीठाचं पोर्टल, सगळीकडे स्वतःचा नंबर जोडा. त्या सिमवर रोमिंग सुरू करा आणि रिचार्ज कुठल्या तारखेला संपतो ते घरच्यांना लिहून द्या.

दात आणि डोळे इथेच दाखवून घ्या. चष्म्याची दुसरी जोडी सोबत असू द्या. नेहमीची औषधं तीन महिन्यांपर्यंतची न्या, आणि डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव असलेली इंग्रजी चिठ्ठी घ्या, कारण आपली ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. विमा किमान ३० हजार युरोंचा आणि उतरल्या दिवसापासून लागू असलेला हवा.

आता डबा. आई तूप देणार, मावशी पेढे देणार, पण युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाने दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूपही त्यातच आलं. नाशिकची द्राक्षं कंटेनर भरून युरोपात जातात, पण त्यांच्याबरोबर वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र असतं. तुमच्या बॅगेतल्या घडाला ते नसतं, म्हणून द्राक्षं नकोत. ताजा कढीपत्ताही नको. काळा मसाला, गोडा मसाला, मेतकूट, चिवडा बिनघोर न्या. कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा, दोन लिटरचा. ॲल्युमिनियमचा तिथल्या इंडक्शन शेगडीवर तापतच नाही. सोबत एक जादा रबर ठेवा. माझं रबर डिसेंबरात सैल झालं, वाफ बाजूने फुसफुसत राहिली आणि महिनाभर मी डाळ पातेल्यात दोन-दोन तास शिजवली. फोडणी देताना खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, नाहीतर मिरचीच्या धुराने मजल्यावरचा अलार्म वाजतो.

मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर तसाच बसतो, लॅपटॉपच्या तीन पिनांना ॲडॅप्टर लागतो. जाड जॅकेट तिथेच घ्या. आतले उबदार कपडे मात्र इथून दोन जोड न्या.

निघायच्या दिवशी कसारा घाट किंवा समृद्धी, कुठूनही गेलात तरी भिवंडीच्या गर्दीचा वेळ धरा. सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत.

शेवटचं काम घरातलं. सगळ्या कागदांच्या प्रतींची एक फाइल आणि तुमच्या सहीचं अधिकारपत्र आईकडे ठेवा. तिला एकदा कॉलेजमध्ये सोबत घेऊन जा, परीक्षेच्या फॉर्मची खिडकी दाखवा आणि तिथे बसणाऱ्या बाईंशी ओळख करून द्या.