गरीब बालपणाच्या आठवणींवर पटकथा लिहिताय? या चुका टाळा

फ्रँक मॅकॉर्ट यांचं गरीब बालपणाच्या आठवणींचं पुस्तक 'अँजेलाज ॲशेस' १९९६ मध्ये आलं, पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं आणि १९९९ मध्ये ॲलन पार्कर यांनी त्यावर सिनेमा केला. आई एमिली वॉटसन, बाप रॉबर्ट कार्लाइल, संगीत जॉन विल्यम्स यांचं. कामं चोख आहेत. पण पुस्तक वाचताना डोळे भरून आलेले असतानाच जे हसू फुटतं, ते सिनेमा पाहताना फार कमी वेळा फुटतं. असं का होतं, हे आत्मचरित्रावर पटकथा लिहिणाऱ्यानं नीट पाहायला हवं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलगा सोडून गरिबीचंच चित्रण करत बसणं. पुस्तक वर्तमानकाळात आहे, लहान पोराच्या तोंडून. आयर्लंडमधल्या लिमरिक शहराच्या रोडन लेनमधल्या घरात पावसाचं पाणी शिरतं, खालची खोली बुडते आणि सगळे माडीवर जातात. वर कोरडं, उबदार असतं, म्हणून त्या खोलीचं नाव 'इटली'. पोपची तसबीर खालीच भिंतीवर राहिली याची बापाला हळहळ, आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनपासून लिमरिकपर्यंत ओढत आणली तेवढी पुरे नाही का, असं आईचं म्हणणं. वाचताना आपण त्या पोराबरोबर इटलीत असतो. कॅमेऱ्याला मात्र आधी पाणी, ओल आणि दाराशेजारचा अख्ख्या गल्लीचा एकुलता एक संडास दिसतो. असे चार प्रसंग लागोपाठ आले की प्रेक्षक कीव करायला लागतो, आणि अर्ध्या तासात बधिर होतो. यावर मला एकच उपाय सापडलाय. प्रत्येक प्रसंगाच्या समासात लिहायचं : या क्षणी पोराला काय हवंय? इथे त्याला वर जायचंय. मग कॅमेरा पाण्यावर न रेंगाळता जिन्यावर हवा.

निवेदनाचा आवाज हा दुसरा सापळा. पडद्यावर पूर आणि आवाजही पुराबद्दलच बोलतोय, तर तो आवाज काढून टाका. चित्रात पूर आणि आवाजात 'इटली' असेल, तर ठेवा.

मृत्यूंचं काय करायचं? ब्रुकलिनमध्ये तान्ही बहीण मार्गारेट जाते, लिमरिकला आल्यावर जुळ्या भावांपैकी ऑलिव्हर आणि मागोमाग यूजीन. तिन्ही मृत्यू सुरुवातीच्याच भागात येतात. तीन वेळा छोटी शवपेटी, तीन वेळा व्हायोलिन, हे लिहू नका. ऑलिव्हर गेल्यावर यूजीन 'ऑली' अशी हाक मारत त्याला शोधत राहतो. मला विचाराल तर जुळ्यांचे दोन्ही मृत्यू त्या एका हाकेत मावतात. शवपेटी दाखवायची गरजच उरत नाही.

तीन वयांसाठी तीन मुलं घ्यावी लागतात, सिनेमातही घेतली आहेत. प्रत्येक बदलाला प्रेक्षकाची माया तुटते, म्हणून एखादी लकब तिघांकडूनही करून घ्या.

आणि बाप. डोलचे, म्हणजे सरकारी बेकारी भत्त्याचे पैसे दारूत घालवणारा, इंग्लंडात कामाला जाऊन घरी पैसे न धाडणारा हा माणूस खलनायक म्हणून लिहिणं फार सोपं आहे. शनिवारी तारवाला पोऱ्या गल्लीत मनिऑर्डरी वाटत फिरतो आणि यांच्या दारावरून निघून जातो, त्या प्रसंगात बापाचा राग येतोच. पण पोराच्या मते त्याच्या बापात तीन माणसं आहेत : सकाळी पेपर वाचणारा, रात्री गोष्टी सांगून प्रार्थना म्हणवून घेणारा, आणि पिऊन येऊन आयर्लंडसाठी मराल अशी शपथ घालणारा. बहुतेक पटकथांत फक्त तिसरा उरतो. पहाटे उठून शेकोटी पेटवणारा, चहा करणारा बाप, शेजारी पोरगा आणि बाकी घर झोपेत, एवढं एक पान आधी लिहा. तारवाल्याचा प्रसंग त्यानंतर लिहायला घ्या.